पाडकामाचा त्रास निविदेतच मोजला पाहिजे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वाचनालय, शाळा, आरोग्य केंद्र, मंडई अशी एखादी जुनी सार्वजनिक इमारत पाडून त्याच जागी नवी बांधायची ठरली, की चर्चा होते ती नव्या इमारतीच्या चित्राची आणि खर्चाची. मधला काळ आजूबाजूच्या लोकांनी कसा काढायचा, हा प्रश्न पहिला डंपर गल्लीत शिरल्यावरच पुढे येतो. तोवर उशीर झालेला असतो, कारण त्या त्रासातला बहुतेक भाग निविदेच्या कागदावर आधीच ठरून गेलेला असतो. या कामांशी आमचा रोजचा संबंध आहे, म्हणून हे सविस्तर लिहीत आहोत.

निविदेत बहुधा एकच वाक्य असते: धूळ, आवाज व सुरक्षेची आवश्यक ती सर्व व्यवस्था कंत्राटदाराने अनुषंगिक खर्चासह करावी. या वाक्याला ना परिमाण असते ना दर. ज्याने फवारणी, कुंपण, वाहतुकीसाठी माणसे यांचा खरा खर्च धरला, त्याची निविदा महाग ठरते आणि तो बाहेर पडतो. ज्याने शून्य धरले त्याला काम मिळते. मग पाण्याचा टँकर का येत नाही म्हणून त्याच्याशी वर्षभर भांडत बसावे लागते. याउलट कुंपण मीटरमध्ये, फवारणी तासांत, झाकलेली पादचारी वाट मीटरमध्ये, वाहतूक मदतनीस पाळ्यांत आणि कंपनमापक नगांत अशी वेगळी बाब प्रत्येकाची केली, तर सगळे निविदाकार एकाच पातळीवर येतात. केले तर पैसे मिळतात, केले नाही तर देयकातून तेवढी रक्कम कापता येते. पर्यवेक्षकाच्या हातात तेव्हाच काही तरी उरते.

दुसरी अडचण पाडकाम आणि बांधकाम अशा दोन वेगळ्या कंत्राटांची. पाडकाम करणाऱ्याचा नफा मुख्यतः सळई, लाकूड, दारे-खिडक्या यांच्या विक्रीत असतो. त्यामुळे जमिनीवरचे पाडायची त्याला घाई असते आणि सळई निघाली की त्याचा रस संपतो. पाया, जुनी भूमिगत टाकी, सेप्टिक टँक, बंद पडलेले चेंबर जागेवरच राहतात. मग नवा कंत्राटदार खोदाईला येतो, त्याला हे सारे सापडते, तो जादा कामाची मागणी करतो, पत्रव्यवहार सुरू होतो आणि शेजाऱ्यांच्या घरासमोर उघडा खड्डा पडून राहतो. पाडकामाच्या रकमेचा मोठा हिस्सा पाया उखडून, जागा सपाट करून, पाण्याचा निचरा लावून आणि शेजारच्या भिंती बंदिस्त करून दिल्याशिवाय सोडू नये. शक्य असेल तिथे दोन्ही कामे एकाच कंत्राटात असावीत.

आराखड्याला मंजुरी, निधीची तरतूद, मातीची तपासणी आणि नव्या कंत्राटदाराला कार्यादेश, या चार गोष्टी हातात आल्याशिवाय चांगल्या अवस्थेतल्या इमारतीवर घण घालू नये. इमारत धोकादायक ठरली असेल तर गोष्ट वेगळी. मातीची तपासणी पाडल्यावरच करता येते हा समजही खरा नाही. मोकळ्या आवारात बोअर आधी घेता येतात, उरलेले एक-दोन नंतर घेता येतात. रिकामा पडलेला भूखंड हा सगळ्यात लांबणारा त्रास आहे. त्यात कचरा येतो, पाणी साचते, रस्ता अंधारा होतो, आणि त्याबद्दल तक्रार कोणाकडे करायची हेच ठरलेले नसते.

आता इमारतीबद्दल. तिच्या अधिकृत कामांखेरीज ती परिसराला आणखी बरेच काही देत असते आणि ते कोणत्याही कागदावर नसते. आवारातला नळ, स्वच्छतागृह, मागच्या फाटकातून जाणारी जवळची वाट, रात्री रस्त्यावर पडणारा दिव्यांचा उजेड, मतदान केंद्र, पुरात किंवा आगीत लोकांना हलवायची जागा, कंपाउंडच्या कोपऱ्यातला ट्रान्सफॉर्मर. पाडण्याच्या किमान दोन-तीन महिने आधी सकाळी, दुपारी आणि रात्री असे आवारात थांबून कोण कशासाठी येते याची नोंद करावी. त्यातल्या प्रत्येक गोष्टीची पर्यायी सोय कुठे आणि कोणत्या तारखेपासून, हे समोर लिहावे. मागची वाट बंद झाल्यामुळे वृद्ध माणसाला वळसा घालून औषध आणायला जावे लागते, हे मंत्रालयातल्या किंवा नगरपालिकेतल्या टेबलावर बसून कळत नाही.

पर्यायी जागा जुनी बंद होण्याआधी सुरू झाली पाहिजे, आणि किमान दोन आठवडे दोन्ही ठिकाणी काम चालावे. या दोन आठवड्यांत काय काय कमी आहे ते उघडे पडते: चाकाच्या खुर्चीसाठी उतार नाही, पाण्याचा दाब नाही, थांबायला सावली नाही. उताराचे प्रमाण एकास बारापेक्षा तीव्र नको. म्हणजे अर्धा मीटर उंच जोत्याला सहा मीटर लांब उतार लागतो, आणि तेवढी जागा भाड्याच्या इमारतीसमोर आहे का, हे करार करण्याआधी टेप लावून पाहावे. वाचनालयाच्या बाबतीत तर एक चूक हमखास होते. पुस्तके राहत्या घरांच्या इमारतीत वरच्या मजल्यावर नेली जातात. राहत्या घराचा मजला साधारणपणे चौरस मीटरला 200 किलो भार धरून आखलेला असतो. पुस्तकांच्या कपाटांच्या खोलीला 600 किलो आणि उंच मांडण्यांना त्याहून अधिक धरावे लागतात. तेव्हा पुस्तके तळमजल्यावरच. तळमजला मिळत नसेल तर मांडण्या कमी उंचीच्या ठेवाव्यात, खोलीच्या मध्यभागी न ठेवता तुळई आणि भिंतीलगत ठेवाव्यात, आणि तरीही स्ट्रक्चरल इंजिनिअरचा लेखी होकार घ्यावा.

वीज, पाणी, गॅस आणि टेलिफोन तोडण्याचे काम सोपे वाटते, पण परिसराला पहिला फटका इथेच बसतो. जुन्या इमारतीच्या वायरिंगवरून रस्त्यावरचे दोन दिवे जोडलेले निघतात. मागच्या चाळीची पाण्याची जोडणी याच आवारातून गेलेली असते. नकाशे जुने असतात आणि त्यात नंतरच्या जोडण्या नसतात. म्हणून यंत्राने केबल शोधून मग हाताने चाचणी खड्डे घ्यावेत, जेसीबीने नव्हे. ड्रेनेजची जोडणी चेंबरपाशी सिमेंटने पक्की बंद करावी. नुसते पोते कोंबले तर राडारोडा आत जातो, आणि पहिल्या मोठ्या पावसात खालच्या बाजूच्या घरांत सांडपाणी उलटते. पुरवठा बंद ठेवायचा असेल तर आधी घरोघर विचारून ठेवावे: कोणाकडे ऑक्सिजनचे यंत्र आहे, कोणाची इन्सुलिन फ्रीजमध्ये आहे. अशा घरांची यादी काम करणाऱ्या अधिकाऱ्याजवळ असावी, भिंतीवर लावलेली नसावी.

उंदरांचा प्रश्न अनेकांना क्षुल्लक वाटतो. जुन्या इमारतीत वर्षानुवर्षे वस्ती केलेले उंदीर-घुशी पाडकाम सुरू होताच शेजारच्या स्वयंपाकघरांत शिरतात. पाडण्याच्या तीन-चार आठवडे आधी कीटकनियंत्रण सुरू करावे आणि ड्रेनेजची तोंडे बंद केल्यावर पुन्हा एकदा करावे. कबुतरांची विष्ठा साचलेले माळे कोरडे झाडू नयेत. ओले करून, मास्क लावून, पिशव्यांत भरून काढावेत.

शेजारच्या घरांचा पंचनामा हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित उपाय. नवी खोदाई जितकी खोल, तिच्या दुप्पट अंतरातल्या आणि काही झाले तरी लगतच्या सगळ्या घरांत जाऊन, मालकासमोर, प्रत्येक भिंतीचे फोटो घ्यावेत. भेग दिसली तर तिच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने आडवी खूण करून तारीख लिहावी. रुंदी भेगमापक पट्टीने मिलिमीटरच्या दशांशापर्यंत नोंदवावी. दार-खिडक्या घासतात का, फरशी फुटली आहे का, छताला ओल आहे का, हेही. कागदावर दोघांच्या सह्या आणि एक प्रत घरमालकाला. हे नसेल तर नंतर प्रत्येक जुनी भेग नवी म्हणून पुढे येते आणि प्रत्येक नवी भेग जुनीच होती म्हणून फेटाळली जाते. दोन्ही बाजूंचे नुकसान होते, पण दाद मागायला जावे लागते ते घरमालकालाच. सामायिक भिंत असेल तर आणखी एक गोष्ट विसरली जाते. इतकी वर्षे आतली असलेली भिंत इमारत पडताच बाहेरची होते. तिला प्लास्टर नसते, वरच्या सांध्यातून पाणी मुरते आणि शेजाऱ्याच्या खोलीत ओल येते. ती भिंत पावसाळ्यापूर्वी बंदिस्त करणे ही निविदेतली स्वतंत्र बाब असावी.

पाडण्याची पद्धतही परिसराने समजून घेण्यासारखी आहे. आधी काच, दारे, विजेचे सामान, नळ, लाकूड हाताने उतरवायचे. छपराला ॲस्बेस्टॉस सिमेंटचे पत्रे असतील तर ते सर्वांत आधी आणि न फोडता काढायचे. पत्रे ओले करायचे, बोल्ट सोडवायचे, पत्रे फेकायचे नाहीत, जाड प्लास्टिकच्या दोन थरांत गुंडाळून चिठ्ठी लावून वेगळे पाठवायचे. ॲस्बेस्टॉसच्या तंतूंचा आजार दिसायला अनेक दशके लागतात, त्यामुळे त्या दिवशी कोणालाच काही झालेले दिसत नाही आणि निष्काळजीपणा खपून जातो. कंत्राटदाराला घाई आहे म्हणून इथे एक दिवसाचीही सवलत देऊ नये.

त्यानंतर वरून खाली, एकेक मजला. राडारोडा स्लॅबवर साचू द्यायचा नाही. फक्त 30 सेंटीमीटर जाडीचा थर साचला, तरी चौरस मीटरला साधारण 450 किलो भार होतो, म्हणजे 200 किलोसाठी आखलेल्या मजल्याच्या दुपटीहून अधिक. पाडकामात अचानक मजला कोसळण्याचे हे नेहमीचे कारण आहे. छज्जे आणि बाल्कन्या मागच्या भिंतीच्या वजनावर टिकलेल्या असतात, ती भिंत आधी काढली की छज्जा रस्त्याकडे उलटतो. रस्त्याकडची बाजू पाडताना खालची पादचारी वाट पूर्ण बंदच हवी.

धुळीवर पाणी हे सगळ्यांना माहीत असते, पण ते कधी आणि कसे मारायचे इथे चूक होते. नळीचा जोरदार झोत बसलेली धूळ उडवतो. बारीक तुषार सोडणारे नोझल हवेतल्या कणांना पकडून खाली आणते. भिंत पाडण्याआधी ओली करायची, पडताना फवारा चालू ठेवायचा आणि डंपर भरतानाही, कारण उंचावरून बकेट रिकामी होते तेव्हा उडणारी धूळ अनेकदा पाडण्यापेक्षा जास्त असते. फाटकावर चाके धुण्याची सोय आणि डंपरवर घट्ट ताडपत्री नसेल, तर सारी काळजी रस्त्यावर सांडते. मग संध्याकाळी कोरड्या झाडूने तीच धूळ पुन्हा हवेत. काँक्रीट आणि विटेच्या धुळीत स्फटिकरूप सिलिका असते आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने 1997 मध्येच तिची नोंद कर्करोगकारक म्हणून केली आहे. कामगाराला रुमाल नव्हे, नीट बसणारा मास्क मिळतो का, यावरून बाहेरच्या लोकांना किती जपले जाणार हेही कळते. धूळ मोजायची असेल तर एक यंत्र वाऱ्याच्या वरच्या बाजूला आणि एक खालच्या बाजूला लावावे. शहराची धूळ किती आणि कामाची किती, हे दोन्हींतल्या फरकावरून कळते, आणि शहरात तशीही धूळ असतेच ही सबब मग चालत नाही.

आवाजाच्या उगमापासूनचे अंतर दुप्पट झाले की साधारण 6 डेसिबल कमी होतात. म्हणून जनरेटर आणि कॉम्प्रेसर आवाराच्या कोणत्या कोपऱ्यात ठेवला, यावर शेजाऱ्यांची झोप अवलंबून असते. पत्र्याचे कुंपण तेव्हाच उपयोगी, जेव्हा ते आवाजाचा उगम आणि खिडकी यांच्यातली सरळ रेषा अडवते आणि खाली फट ठेवत नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीला त्याचा फायदा जवळजवळ नाही. तिथे उपाय यंत्र बदलण्याचा. सतत ठोकणाऱ्या ब्रेकरऐवजी जबड्याने काँक्रीट चिरडणारे क्रशर बरेच शांत असते आणि कंपनेही कमी देते. त्याचे भाडे जास्त पडते, म्हणूनच ते निविदेत नावाने लिहायला हवे. ब्रेकर वापरावाच लागला तर दोन तास काम आणि ठरलेल्या वेळी विश्रांती, असे वेळापत्रक आठवड्याआधी जाहीर करावे. ठरलेल्या वेळी थांबणारा आवाज माणूस सोसतो. तो कधी थांबेल हेच माहीत नसेल तर तान्ह्या बाळाला झोपवणाऱ्या आईला किंवा रात्रपाळी करून आलेल्या माणसाला दिवस काढणे अशक्य होते.

कंपनांबद्दल गैरसमज दोन्हीकडे आहेत. घरात बसलेल्या माणसाला सेकंदाला 0.3 मिलिमीटर वेगाचे कंपनही जाणवते. जुन्या राहत्या घरांसाठी जर्मन मानकातली मार्गदर्शक मर्यादा, पायापाशी आणि कमी वारंवारतेला, 5 मिलिमीटर आहे. नाजूक ऐतिहासिक वास्तूंसाठी ती 3 आहे. म्हणजे भांडी वाजली म्हणून घर पडेल असे नाही. पण तुम्हाला भास होतो म्हणून लोकांना परत पाठवणेही चूक, कारण त्यांना ते खरोखरच जाणवलेले असते. शेजारच्या घराच्या पायापाशी कंपनमापक लावून रोजचा आकडा फाटकावर लिहावा. सर्वांत मोठा धक्का बहुतेक वेळा ब्रेकरचा नसतो, वरून अख्खा तुकडा खाली सोडल्याचा असतो. असे तुकडे कापून, दोराने किंवा क्रेनने उतरवायचे, हे लिहून घ्यावे.

वाहतुकीचा हिशेब शाळकरी गणिताने होतो, तरी तो क्वचितच केला जातो. 150 मिलिमीटर जाडीच्या स्लॅबचे एका चौरस मीटरला वजन सुमारे 360 किलो. भिंती, तुळया, खांब, पाया धरून एकूण चौरस मीटरला एक टन धरला, तर 2000 चौरस मीटरच्या इमारतीचा राडारोडा 2000 टन. दहा टनांच्या डंपरने 200 खेपा, जाऊन-येऊन 400 फेऱ्या. रोज आठ खेपा म्हणजे 25 कामाचे दिवस. हा आकडा लोकांना आधी सांगितला की चर्चा नेमक्या मुद्द्यावर येते: शाळा भरण्या-सुटण्याच्या वेळी गाड्या नकोत, एका वेळी एकच डंपर आत, बाकीचे मुख्य रस्त्यापासून दूर ठरलेल्या जागी थांबतील, इंजिन बंद ठेवून. अग्निशमन गाडीसाठी चार मीटर रस्ता सतत मोकळा. पादचाऱ्यांसाठी दीड मीटर रुंद, वरून झाकलेली, रात्री दिवे असलेली वाट, आणि तिच्या कठड्याला जमिनीलगत सलग पट्टी, म्हणजे अंध व्यक्तीच्या काठीला ती लागते. आजूबाजूच्या दुकानांना "दुकान चालू आहे" असे फलक आणि माल उतरवायची ठरलेली वेळ द्यावी. पत्र्यामागे झाकले गेलेले दुकान गिऱ्हाईक विसरते, आणि ते परत यायला काम संपल्यावरही वेळ लागतो.

बांधकाम सुरू झाल्यावर त्रासाचे रूप बदलते. खोदलेल्या खड्ड्यात साचलेल्या पाण्यात डास आठ-दहा दिवसांत अंड्यापासून पूर्ण वाढतो, म्हणून आठवड्यातून एकदा तरी पाणी उपसलेच पाहिजे. स्लॅब ओतण्याचा दिवस वेगळा जपावा लागतो. 600 चौरस मीटरच्या 150 मिलिमीटर स्लॅबला 90 घनमीटर काँक्रीट, म्हणजे सहा घनमीटरच्या 15 गाड्या. हे काम मध्येच थांबवता येत नाही, कारण जुन्या-नव्या काँक्रीटमध्ये कच्चा सांधा राहतो. सकाळी सातला पंप सुरू झाला तर संध्याकाळपर्यंत घासाई उरकते. पहिली गाडी दुपारी आली तर ओले काँक्रीट हलवून बसवणारा व्हायब्रेटर मध्यरात्री चालतो. त्यामुळे पहिली गाडी ठरलेल्या वेळेत आली नाही तर त्या दिवशी काम सुरूच करायचे नाही, अशी अट हवी.

हे सारे लोकांपर्यंत पोचायचे कसे? फाटकावर, पर्यायी जागेवर आणि बसथांब्यापाशी एकच फलक: या पंधरवड्यात काय होणार, कोणत्या वेळी, कधी संपणार, आणि जबाबदार अधिकाऱ्याचे पद व चोवीस तास उचलला जाणारा फोन. तक्रारवहीत प्रत्येक तक्रारीला क्रमांक, वेळ आणि काय केले याची नोंद, चोवीस तासांत उत्तर. ठरलेल्या वारी बैठक, आणि तिला कंत्राटदाराचा जागेवरचा अभियंता हजर हवा, कारण उद्या ब्रेकर कधी चालणार हे त्यालाच माहीत असते. वेळापत्रक चुकले तर ते चुकल्याचे त्याच फलकावर, कारणासह लिहावे. फोटोंचा समाजमाध्यमी गट उपयोगी आहे, पण ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही, त्यांना कागदच लागतो.

नवी इमारत तयार झाली तरी पर्यायी जागेचा करार लगेच संपवू नये. लिफ्ट, आगीचे पंप, पाण्याच्या वाहिन्या, उतार हे चालवून पाहिल्यावर, भोगवटा प्रमाणपत्र हातात आल्यावर आणि पुन्हा दोन आठवडे दोन्हीकडे काम चालल्यावरच स्थलांतर पूर्ण धरावे. आणि कंत्राटदाराचे अंतिम देयक निघण्याआधी त्याच घरांत, तेच फोटो हातात घेऊन, दुसरा पंचनामा व्हावा. भेगांची दुरुस्ती, उखडलेला पदपथ, खचलेले चेंबर, तोडलेली रस्त्यावरची दिवाबत्ती यांची यादी करून ती पूर्ण झाल्याची शेजाऱ्यांची सही देयकाच्या कागदपत्रांत जोडावी.

आपले,
सार्वजनिक बांधकामांवर काम करणारे काही स्थापत्य अभियंते